ठरल्याप्रमाणे चालते

बाई लिफ्टमध्ये शिरली आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत भिंतीत गेला.

मी खेळ थांबवला, मागे नेला, पुन्हा चालवला. बाई पुन्हा आली. उजव्या हातात पिशवी, डावा हात भिंतीत. सतरा वेळा केलं आणि सतराही वेळा भिंतीने हात गिळला. मग मी नोंद केली : ‘सहावा मजला. बाईचा डावा हात भिंतीआड जातो. तीव्रता मध्यम.’

शेजारच्या खुर्चीवरून घुम्याने मान लांब करून वाचलं.

"काकू, मध्यम? बाईला हात नाही, आणि तुम्ही मध्यम म्हणता?"

"पिशवी दिसते आहे ना? मग झालं. डाव्या हाताकडे कोण बघतंय?"

"तुम्ही बघितलंत की."

"मला त्याचा पगार मिळतो."

घुम्या हसला नाही. त्याने ‘मध्यम’ खोडून ‘गंभीर’ केलं आणि दुपारपर्यंत बाईचा हात भिंतीतून बाहेर काढून दिला.

बावीस वर्षं मी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. दुसऱ्याच्या चुका वेचायच्या आणि त्यावर आपलं पोट भरायचं, असा तो धंदा. वाढदिवसाच्या जाहिरातीत ‘आनंदाचा दीन’ छापून जाणार होता, तो मी अडवला. एका पुढाऱ्याचं ‘भाषण’ जुळणीत ‘भीषण’ झालं होतं, ते सुधारताना मात्र हात जड झाला होता. मग हे काम संगणक करायला लागला. वाईट करायचा, पण चहा मागत नसे. आम्हा सहा जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची, नवरा जाऊन पाच वर्षं झालेली. मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीला पडद्यावरची अक्षरं तपासायला माणूस हवं होतं, तिथे गेले. अक्षरं तपासता तपासता खेळही तपासायला लागले. ज्याला गळलेला अनुस्वार दिसतो त्याला गळलेला हातही दिसतो. ऑफिसातल्या पोरापोरींनी माझं नाव ठेवलं चूककाकू.

पहिल्या दिवशी जो खेळ हातात दिला त्यात एका राजकन्येच्या नाकावरचे फोड फोडायचे होते. फोड दाबला की चुळुक् असा आवाज यायचा, पिवळं काहीतरी उडायचं आणि तीन नाणी मिळायची. पुढच्या खेळात तिचेच किडलेले दात कोरायचे. त्यापुढच्यात तिच्या बाळाचे लंगोट. दुपारचा डबा मी त्याच टेबलावर खायची. खिडक्या उघडत नसत, कोपऱ्यात कोणाचे तरी मोजे वाळत, आणि समोर राजकन्या दात विचकून बसलेली. घास तोंडात फिरायचा. माझ्या थोरल्या नणंदबाई माझ्याकडेच राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर त्या आल्या त्या राहिल्याच. संध्याकाळी त्या विचारायच्या, "आज काय काम केलंस?"

"फोड फोडले, वन्सं."

"शी!" म्हणून त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या.

त्यामुळे घुम्याने त्याचा खेळ मला तपासायला दिला तेव्हा मी तोंड वाकडंच केलं. घुम्या म्हणजे चाळिशीचा, अर्धी दाढी पिकलेला, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा गडी. राजकन्येचे दात तोच काढून द्यायचा, आणि उरलेल्या वेळात तीन वर्षं एकट्याने कोपऱ्यात बसून हे दुसरं काहीतरी करत होता.

"यात काय फोडायचं?" मी विचारलं.

"काही नाही. इस्पितळातली लिफ्ट चालवायची. माझे वडील चालवायचे."

बस, एवढंच. जाळीचं दार, सात बटणं, डोक्यावर एक पंखा. माणसं येतात, मजला सांगतात, उतरतात. त्यांचं बोलणं दोन मजल्यांपुरतं ऐकू येतं आणि दारापाशी तुटतं. आपण दार धरून ठेवायचं की सोडायचं, पंखा लावायचा की नाही, मधल्या मजल्यावर दिवा लुकलुकत असेल तर थांबायचं की नाही, एवढंच आपल्या हातात. गुण नाहीत, नाणी नाहीत, जिंकणंही नाही. पहिल्या तासाला मी नोंद केली होती, ‘खेळ सुरू झाल्यासारखा वाटत नाही.’

दुसऱ्या तासाला एक बाई आली. बरोबर नवरा, चाकाच्या खुर्चीत, कुरकुर करणारा. "दुसरा मजला." मी दोनचं बटण दाबलं. खेळातल्या चार दिवसांनी ती बाई एकटी, हातात थर्मास. "पाचवा." पाच दाबलं. पाचव्यावर शस्त्रक्रिया होतात आणि सहाव्यावर अतिदक्षता विभाग आहे हे तोवर मला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून ठाऊक झालं होतं. मग एकदा तिने नुसती सहा बोटं दाखवली. पाच एका हाताची, एक दुसऱ्याची. मी बटणावर बोट नेलं आणि ते तिथेच थांबलं.

दैनिकाच्या छापखान्यात पुस्तकंही छापली जात, तिथे मी शेकडो कादंबऱ्यांची प्रुफं वाचली होती. ‘त्याची प्रकृती खालावत गेली’ हे वाक्य कितीदा नजरेखालून गेलं असेल. वेलांटी तपासायची आणि पुढच्या ओळीवर जायचं. इथे कोणी काही सांगितलंच नव्हतं. दोन, पाच, सहा हे आकडे माझ्याच बोटाने दाबले होते. मीच त्या माणसाला वर वर नेत होते. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तोंड धुऊन आले.

शेवटी ती बाई सहाव्यावरून एकटी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये येते आणि म्हणते, "खाली." घुम्याने तिला धाय मोकलून रडताना दाखवली होती. मी नोंदीत लिहिलं, ‘अश्रू काढा.’

"का?" तो विचारायला आला.

"त्या वेळी रडत नाही कोणी. पिशवीचे बंद नीट करतं माणूस."

तो गप्प उभा राहिला. घुमी माणसं समोर नुसती उभी राहिली की आपलंच तोंड सुटतं. माझं सुटलं.

मी त्याला सांगितलं, की अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच खाली आले होते. ते इस्पितळ वेगळं, शहर वेगळं. लिफ्टमनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण मधे एकाही मजल्यावर तो थांबला नाही. तिसऱ्यावर लोकांनी जाळी बडवली, त्याला आईवरून शिव्या दिल्या. त्याने त्या खाल्ल्या आणि लिफ्ट सरळ तळाला नेली. दार उघडलं आणि एकच शब्द बोलला, "सावकाश."

आठवड्याने घुम्याने खेळ पुन्हा आणून दिला. बाई आता रडत नव्हती, पिशवीचे बंद सारखे करत होती. चौथ्याचा दिवा लुकलुकत होता, तिसऱ्याचा लुकलुकत होता. थांबलं तर लोक शिरायचे, कोणीतरी हसायचं, बाई कोपऱ्यात सरकायची. नाही थांबलं तर जाळीवर हात बडवल्याचा आवाज, शिव्या, आणि तळमजल्यावर तो एक शब्द. कोणतंही बरोबर किंवा चूक म्हणून दाखवलं नव्हतं. माझा डोळा बावीस वर्षं चुका शोधायला बसलेला, त्याला त्या सहा मिनिटांत काही सापडलं नाही.

तो फोन मी एका रविवारी घरी नेला. वन्संना फोनवरचे खेळ म्हणजे पोरखेळ, तेही वाया गेलेल्या पोरांचे. चष्मा शोधण्यात पाव तास घालवून त्या बसल्या. बसल्या ते जेवायलाही उठेनात. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेल्या बाई. अर्धवट तुटणारी बोलणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती. येईल त्याच्यासाठी दार धरून ठेवत होत्या. "अगं, येऊ दे त्याला, लंगडतोय तो," असं फोनशीच बोलत होत्या.

इथे एक सांगायला हवं. हे गेले त्या दिवशी वन्सं बाहेरगावी होत्या. बसने पोचल्या तोवर तीन तास उशीर झाला होता. थोरल्या बहिणीला शेवटचं तोंड दिसलं नाही, ही गोष्ट आमच्या घरात अकरा वर्षं उंबरठ्यावर पडून होती. आम्ही दोघी ती रोज ओलांडत होतो, उचलत कोणीच नव्हतं.

खेळातली बाई सहाव्यावरून निघाली. चौथ्याचा दिवा लुकलुकला. वन्संचा अंगठा वर राहिला. तिसऱ्यावर जाळी वाजली, शिव्या आल्या. लिफ्ट तळाला टेकली.

"कुठ्ठे थांबले नाही गं मी," त्या म्हणाल्या. फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "ही तू आहेस ना?"

"हो."

"पिशवीत काय होतं?"

"चष्मा. कंगवा. थर्मास. अर्धा साबण."

"साबण कशाला आणलास?"

"टाकवला नाही."

त्यांनी मान हलवली. "त्या घुम्याला सांगितलंस. मला नाही सांगितलंस अकरा वर्षांत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"माझं धाडस नाही झालं गं."

त्या दिवशी जेवायला चार वाजले. यांच्याबद्दल आम्ही इतकं बोललो, इतकं बोललो, की शेवटी ते घोरायचे कसे यावरून दोघींचं भांडण झालं.

स्पर्धेला खेळ गेला, कोणी तरी मानाचं प्रशस्तिपत्र पाठवलं, आणि मग आमच्या साहेबांचं लक्ष तिकडे गेलं. साहेबांना सगळे मागून वाढसाहेब म्हणत, कारण त्यांच्या तोंडी ‘वाढ’ सोडून शब्द नसे. आठवड्याची वाढ, महिन्याची वाढ. माणूस वाईट नाही. मला कधी अरेतुरे केलं नाही, ताप आला तर गाडी करून घरी पाठवलं. वाईट माणसाची शिसारी येणं सोपं असतं.

बैठकीत त्यांनी भिंतीवर एक आलेख लावला.

"हे बघा. हजार लोकांना खेळायला दिला. सहाव्या मजल्यानंतर लोक काय करतात? काहीच नाही. खेळ संपल्यावरही पडद्याकडे बघत बसतात. सरासरी एक मिनिट! काही काही तर चार मिनिटं! आणि त्या मिनिटात आपण त्यांना काय विकतो?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "शून्य."

काहींनी माना डोलावल्या.

"माणूस त्या क्षणी एकदम मऊ झालेला असतो. मऊ जमिनीत बी पेरायचं असतं, की नाही?"

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. घुम्या माझ्यासमोर बसला होता, आणि वहीत चौकोन काढत होता. चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन.

तीन आठवड्यांनी नवा खेळ माझ्या टेबलावर आला. बाईच्या डोळ्यांत अश्रू परत आले होते, निळे, द्राक्षाएवढे. ती लिफ्टमध्ये शिरली की पडद्यावर गुलाबी चौकट उघडायची : ‘बिचारी! तिला धीर द्या. दहा हिरे.’ हिरे नसतील तर खाली निळं बटण, ‘जाहिरात पाहा.’ मधल्या मजल्यांवर थांबायचं नसेल तर ‘एक्स्प्रेस पास’ घ्यायचा. शिव्या काढल्या होत्या, त्या घरगुती वातावरणात बसत नव्हत्या. धीर दिला की बाई टाळ्या वाजवायची, "थँक यू, दादा!" म्हणायची आणि लिफ्टमध्ये लाल गालिचा अंथरला जायचा. आणि तो शब्द? तो त्यांनी फेकला नव्हता. साहेबांना आवडला होता म्हणे. हिरे संपत आले की फोन थरथरायचा आणि कोपऱ्यातून एक घंटी डोकं काढून सांगायची : ‘सावकाश! तुमचे हिरे संपत आलेत!’

तो शब्द मी अकरा वर्षं कोणापुढे उच्चारला नव्हता. आणि मीच तो नेऊन या लोकांच्या ओंजळीत टाकला होता. मला त्यांची किळस आली त्याहून जास्त माझी आली. बेसिनपाशी जाऊन मी खरंच ओकले.

मग टेबलावर परत आले आणि माझं काम केलं. नोंद लिहिली. ‘दोष : नवरा गेलेल्या बाईचं सांत्वन करायला पैसे मागितले जातात. अपेक्षित : मागू नयेत. तीव्रता : सर्वोच्च.’

संध्याकाळी नोंद बंद होऊन आली. खाली शेरा : ‘दोष नाही. ठरल्याप्रमाणे चालते.’

दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा उघडली. पुन्हा तोच शेरा. तिसऱ्या दिवशी उघडली. चौथ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आधी पाणी पुढे केलं.

"काकू, तुमचं काम काय? चूक शोधायचं. ही चूक नाहीये हो. हा निर्णय आहे."

"निर्णयात चूक नसते?"

"असते ना. पण ते खातं माझ्याकडे आहे." ते हसले. "तुम्हाला माहितेय, जाहिरात नसती तर हा खेळ आपण बाजारात आणूच शकलो नसतो. चार लोकांनी बघितला असता. आता लाखो लोक त्या बाईला भेटतील. हेही बघा ना."

"भेटतील, पण बोलतील पैसे टाकून."

"जगात फुकट काय मिळतं, काकू?" हे त्यांनी इतक्या मनापासून विचारलं, की मला क्षणभर त्यांची कीव आली. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. चाचणी पूर्ण, खेळ निर्दोष, खाली माझ्या सहीची जागा. प्रत्येक खेळावर ती लागते. राजकन्येच्या फोडांवरही मी केली होती. "सोमवारपर्यंत द्या. घाई नाही."

मी घुम्याला जिन्यात गाठलं.

"तुला चालतंय हे?"

"नाही."

"मग?"

"सही करून दिलीय मी. खेळ कंपनीचा आहे, काकू. नाही म्हटलं असतं तर त्यांनी तो कपाटात टाकला असता. तीन वर्षं…" तो थांबला. दिवसाची दहा वाक्यं संपत आली होती. "जाहिरात बघून का होईना, लोक सहाव्या मजल्यापर्यंत पोचतील. एखाद्याला तरी कळेल."

"उकिरड्यावर मोती टाकायचे आणि म्हणायचं, कोंबडीला सापडतील."

"मग काय करू? तुम्ही सांगा."

रागाने मी विचारलं, "वडिलांना दाखवलास?"

तो कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला. "जुना दाखवला होता. नवा नाही."

घरी येऊन मी वन्संना सगळं सांगितलं. या वेळी काही राखून ठेवलं नाही. निळ्या अश्रूंपर्यंत त्या भांडं पुसत ऐकत होत्या. टाळ्या वाजवणाऱ्या बाईपाशी त्यांनी हातातलं भांडं ओट्यावर आपटलं.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हे तर ते भाकरीला लावून विकतात!" मग, "सही नाही केलीस तर?"

"दुसरं कोणी करेल. खेळ येणारच बाहेर."

"आणि तू?"

"मी बाहेर येईन. खेळाच्याही आधी."

वन्संनी भांडं उचलून त्याला पडलेला पोचा निरखला. "माझी पेन्शन आहे. उपाशी नाही मरणार आपण. पण तेवढ्यासाठी म्हणत नाही मी." त्या माझ्याकडे वळल्या. "माझा भाऊ होता तो. त्या कागदावर तू निर्दोष लिहिलंस तर मला तुझ्याशी बोलता येणार नाही पुन्हा. आत्ता कुठे बोलायला लागलोय."

सोमवारी मी कागद कोराच परत दिला. त्याला जोडून दुसरा, राजीनाम्याचा. साहेब मनापासून हळहळले. "इतकं भावनिक नसतं व्हायचं, काकू," म्हणाले. महिनाभराची मुदत भरायची होती. त्या महिन्यात मी राजकन्येच्या नव्या खेळाची अक्षरं तपासली, आणि निर्दोषच्या कागदावर अक्षरजुळणीवाल्या एका मुलीने खेळ न उघडता सही केली.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात खेळ बाजारात आला. पहिल्याच दिवशी वाढ इतकी झाली, की साहेबांनी मोठा केक मागवला. आणि त्यांना एक कल्पना सुचली. ज्यांच्यावरून हा खेळ केला त्या वडिलांनाच बोलवायचं. घुम्या नको म्हणाला. दोनदा म्हणाला. साहेबांनी परस्पर गाडी पाठवली.

म्हातारेबुवा आले. ऐंशीच्या घरातले, सडपातळ, कडक इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद केलेला. गुडघे गेलेले, दोन पावलांनंतर थांबत होते. साहेबांनी पुष्पगुच्छ दिला, खुर्चीत बसवलं, फोटो काढले. मग त्यांच्या हातात टॅबलेट दिला. ते खेळतील ते सगळ्यांना मागच्या भिंतीवर मोठं दिसत होतं. तीस-चाळीस जण केकच्या बशा घेऊन बसले होते. मी बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. आणखी कोणी तिथे बसायला तयार नव्हतं. घुम्या पार मागे, दारापाशी.

म्हाताऱ्याची बोटं कापत होती, पण जाळीच्या दाराला लागली की कापायची थांबत. कोण धावत येतंय हे त्यांना पावलांच्या आवाजावरून आधीच कळायचं. पोरं टाळ्या वाजवत होती, "वा बाबा!" करत होती. बाबा कोणाकडे बघत नव्हते. "याला घाई नाही," असं काहीतरी स्वतःशी पुटपुटत होते. "ही दोनदा येईल." साहेबांनी मधला बराच भाग पुढे सरकवून त्यांना सहाव्या मजल्यावर आणलं.

बाई लिफ्टमध्ये शिरली. भिंतीवर तिचे निळे अश्रू फुटबॉलएवढे दिसत होते. "खाली," ती म्हणाली, आणि बाबांचा अंगठा तळमजल्याच्या बटणाकडे निघाला. तेवढ्यात गुलाबी चौकट उघडली.

बाबांनी बटण दाबून पाहिलं. चौकटीवर बोट आपटलं. पुन्हा दाबलं.

"हे काय आलं?"

"बाबा, ते निळं बटण," साहेब उत्साहाने वाकले. "ते दाबा, एक छोटीशी जाहिरात लागेल. मग तुम्हाला तिला धीर देता येईल."

बाबांनी मान वळवून दारापाशी उभ्या मुलाकडे पाहिलं. घुम्या बशीतल्या केककडे बघत होता. बाबांनी निळं बटण दाबलं.

भिंतीवर एक हसरं कुटुंब आलं. आई, बाप, दोन मुलं, दात घासताहेत. झंकारणारं गाणं. वर कोपऱ्यात आकडा, तीस, एकोणतीस.

बाबा माझ्याकडे झुकले. "आता काय करायचं?"

"थांबायचं, बाबा. तीस सेकंद."

"आणि तोवर ती बाई काय करते?"

मी त्या खेळाचा तो भाग चारशे वेळा तरी तपासला असेल. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"उभी असते," मी म्हणाले. "तिथेच."

बाबांनी पुष्पगुच्छ मांडीवरून काढून जमिनीवर ठेवला. एक हात खुर्चीच्या दांड्यावर रोवला, दुसऱ्याने टॅबलेट छातीशी धरला आणि उठायला लागले. पहिल्यांदा जमलं नाही. गुडघा आत मुडपला. दुसऱ्यांदा उठले.

"बसा ना बाबा!" साहेब म्हणाले. "अजून बावीस सेकंद आहेत."

"असू दे."

"पाय दुखतील तुमचे."

"असू दे हो."

ते उभे राहिले. भिंतीकडे पाठ करून, मान किंचित खाली. टॅबलेटची काच त्यांनी शर्टावर पालथी धरली होती. त्यांच्या डोक्यावर भिंतभर ते कुटुंब फेस काढत हसत होतं. आधी दोघा-तिघांना वाटलं, म्हातारा काहीतरी बोलणार आहे. त्यांनी बशा खाली ठेवल्या.

चौदा, तेरा.

मी उठून त्यांच्या बाजूला उभी राहिले. मागे कुठेतरी एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, पण मी वळून पाहिलं नाही.